वेरूळला गेलात, तर पुरुषांकडेही बघा

निलंग्याचं नीलकंठेश्वर असो, देगलूरजवळचं होट्टल असो की औंढा नागनाथ, जुन्या देवळांवरच्या शिल्पांचा विषय निघाला की बोलणं सुरसुंदरींवर, म्हणजे भिंतींवरच्या देखण्या स्त्रीमूर्तींवर येऊन थांबतं. कुणी आरशात बघणारी, कुणी पायातला काटा काढणारी, कुणी मृदंग वाजवणारी. त्यांच्या कमरेच्या बाकापासून अंबाड्याच्या घाटापर्यंत सगळ्यावर लिहून झालंय, आणि ते चांगलंच झालंय. पुरुषमूर्तीच्या वाट्याला हे कौतुक येत नाही. ती बहुतेक वेळा देवाची असते, म्हणून आपण हात जोडतो. मग हातातली आयुधं बघून नाव ठरवतो. चक्र आहे, म्हणजे विष्णू. त्रिशूळ आहे, म्हणजे शंकर. नाव कळलं की पुढच्या मूर्तीकडे.

पण ज्या माणसाने छिन्नी चालवली त्याच्यापुढे एक साधा, अवघड प्रश्न होता: पुरुषाचं शरीर दगडात कसं घडवायचं? बळ कुठे दाखवायचं, शांतपणा कुठे, राग कुठे? त्याची उत्तरं वेरूळ, अजिंठा, पितळखोरा आणि खुद्द संभाजीनगरच्या लेण्यांत जागोजाग आहेत. ती वाचायला शिकलं की एका दुपारचं वेरूळ दोन दिवसांतही पुरं होत नाही.

पोटावर चौकटी का नाहीत?

कैलास लेण्यात तरुण पोरं हमखास एक शंका काढतात. शंकर एवढा बलवान, मग त्याला दंडाच्या बेटकुळ्या नाहीत, पोटावर चौकटी नाहीत, छातीचे दोन भाग वेगळे दिसत नाहीत. अंग कसं गुळगुळीत, भरलेलं, जरा मऊच. याचं उत्तर जत्रेतल्या कुस्तीच्या फडात मिळतं. लाल मातीतल्या जुन्या पैलवानाकडे बघा. मान आणि खांदे एक झालेले, छाती रुंद, पोट भरलेलं, आणि कातडीखालचा एकही स्नायू स्वतंत्रपणे मिरवत नाही. तरी त्याच्या ताकदीबद्दल कुणाला शंका येत नाही, कारण त्याची ताकद दमात आहे आणि दम पोटात असतो.

आपल्या शिल्पकाराने नेमकं हेच धरलं. त्याला आतून श्वासाने भरलेलं शरीर घडवायचं होतं. योगात प्राण म्हणतात तो. श्वास आत घेऊन रोखला की छाती वर येते, बरगड्या झाकल्या जातात, कातडी ताणून गुळगुळीत होते, बेंबीभोवती हलका फुगवटा येतो. वेरूळच्या कुठल्याही उभ्या शिवाचं किंवा बोधिसत्त्वाचं (बुद्धत्वाच्या वाटेवर असलेल्याचं) धड या नजरेने बघा. अनेक मूर्तींच्या पोटावर एक पट्टा बांधलेला दिसेल. त्याला उदरबंध म्हणतात. दागिना तर तो आहेच, पण त्याच्या वरचं आणि खालचं मांस किंचित फुगलेलं दाखवता येतं, म्हणून दगडाला कातडीचा लवचीकपणा येतो. हीच करामत दंडातल्या केयूरांची आणि कमरेच्या मेखलेची.

ग्रीकांनी वेगळा रस्ता घेतला. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात पॉलिक्लायटस नावाच्या शिल्पकाराने भाला घेतलेला तरुण घडवला आणि पुरुषदेहाच्या प्रमाणांवर ग्रंथही लिहिला. मूळ ब्राँझचा पुतळा गेला. आज आपण बघतो त्या रोमनांनी संगमरवरात केलेल्या नकला. त्या तरुणाच्या अंगावरचा प्रत्येक स्नायू कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते बोटाने दाखवता येतं. व्यायामशाळेत उघड्या अंगाने सराव करणारा खेळाडू हा त्यांचा नमुना होता. पुढे 1501 ते 1504 या काळात मायकेलअँजेलोने फ्लॉरेन्समध्ये डेव्हिड घडवला. त्याच्या हातांवरच्या शिराही मोजता येतात. इटलीला जाऊन आलेली आपली मंडळी त्यानंतर वेरूळला येतात आणि म्हणतात, ‘आपल्याकडे शरीररचनेचा अभ्यास नव्हता वाटतं.’

या म्हणण्याला वेरूळच्या 21 क्रमांकाच्या लेण्यात सणसणीत उत्तर आहे. या लेण्याला रामेश्वर म्हणतात. नंदीला वळसा घालून आत गेलात की उजव्या हाताच्या दालनात सप्तमातृका आहेत आणि त्यांच्या सोबतीला सांगाडाच उरलेल्या आकृती, काल आणि काली. बरगडी न् बरगडी वेगळी, पोट पाठीला लागलेलं, सांध्यांची हाडं वर आलेली. हे कोरणाऱ्याला कातडीखाली काय असतं ते पक्कं ठाऊक होतं. हाडं आणि शिरा त्याने मरणासाठी, भुकेसाठी राखून ठेवल्या. जिवंतपणा दाखवायचा तिथे त्याने त्या झाकल्या. म्हणजे हा निवडीचा प्रश्न होता, कुवतीचा मुळीच नव्हे.

मापं आणि उपमा

ही निवड लहरीवर सोडलेली नव्हती. शिल्पशास्त्राच्या पोथ्यांप्रमाणे मूर्तीचं माप तालात घ्यायचं. केसांच्या कडेपासून हनुवटीपर्यंत चेहऱ्याची लांबी म्हणजे एक ताल, आणि एका तालाची बारा अंगुळं. अंगूळ म्हणजे इथे कुणाच्या बोटाची जाडी नव्हे. त्याच मूर्तीच्या चेहऱ्याचा बारावा हिस्सा. त्यामुळे मूर्ती वीतभर असो वा दोन मजली, प्रमाण तेच राहतं. नवताल मूर्ती 108 अंगुळांची. चेहरा 12, मान 4, गळ्यापासून छातीपर्यंत 12, तिथून बेंबीपर्यंत 12, बेंबीपासून जननेंद्रियापर्यंत 12, मांडी 24, गुडघा 4, पोटरी 24, घोट्याखालचं पाऊल 4. बेरीज करून बघा. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने बृहत्संहितेत दशरथपुत्र राम आणि विरोचनाचा मुलगा बळी यांच्या मूर्तींना 120 अंगुळं सांगितली आहेत. बळी असुर खरा, पण माप रामाइतकं! ठेंगण्या गणांना आणि गणपतीला याहून बरेच कमी ताल मिळतात, म्हणून त्यांचं डोकं अंगाच्या मानाने मोठं वाटतं.

प्रत्यक्षात वेरूळच्या कारागिराने दर वेळी पट्टी लावून हेच माप साधलं असं समजू नका. पोथीतलं माप आणि डोंगरातला दगड यांची रोज वाटाघाट चालते. दगडात भेग निघाली की पोथी मिटावी लागते. शिवाय खालून वर बघताना मांड्या लांब आणि डोकं लहान दिसतं, म्हणून मोबाइलवर फोटो काढून मोजायचंच असेल तर शक्य तितकं समोरून काढा.

मापाइतक्याच महत्त्वाच्या उपमा. कालिदासाने रघुवंशात दिलीप राजाचं वर्णन एका ओळीत केलंय: व्यूढोरस्को वृषस्कन्धः शालप्रांशुर्महाभुजः. छाती रुंद, खांदे वळूचे, उंची सालवृक्षाची, हात लांब. बौद्ध परंपरेतल्या महापुरुषाच्या बत्तीस लक्षणांत सिंहासारखं धड आणि गुडघ्यापर्यंत पोचणारे हात येतात. हे केवळ कवींचं बोलणं म्हणून सोडून देऊ नका. शिल्पकार या उपमा शब्दशः वापरतो. हाताला उपमा हत्तीच्या सोंडेची, वर जाड आणि पुढे निमुळती होत जाणारी. मूर्तीच्या हातात कोपराचं हाड जवळपास दिसत नाही, ते म्हणूनच. धडाचा आकार बैलाच्या तोंडासारखा, वर रुंद, खाली अरुंद. मानेवर शंखावरच्यासारख्या तीन रेघा. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी, हातात कमळ घेतलेला बोधिसत्त्व, रंगवलेला आहे, कोरलेला नाही, पण हे सगळं एकत्र बघायला त्याच्याइतकी चांगली जागा नाही. खांद्यांची रुंदी बघा आणि लगेच कंबर बघा.

उभं राहण्यातून कळतं

नवख्या माणसाने एकच सवय लावायची म्हटलं, तर मी सांगेन की मूर्तीचा चेहरा शेवटी बघा. आधी पाय बघा. वजन कुठल्या पायावर आहे?

दोन्ही पायांवर सारखं असेल तर ती समभंग मूर्ती. आपल्याला ही ओळख वेगळी करून द्यायला नको. पंढरीचा विठोबा तसाच उभा आहे, समचरण, कर कटावर ठेवून. वजन एका पायावर आलं, कंबर किंचित सरकली की आभंग. मान, धड आणि पाय तीन दिशांना गेले की त्रिभंग. युद्ध आणि तांडव यांच्यासाठी अतिभंग, त्यात सगळं शरीर ताणलेल्या धनुष्यासारखं होतं. ग्रीकांचा भाला घेतलेला तरुणही एका पायावर वजन टाकून उभा आहे, पण तिथे हाडांचा तोल सांभाळायचा विचार आहे, इथे नाचाची लय आहे.

समभंगाची परिसीमा वेरूळच्या जैन लेण्यांत बघायची. 30 ते 34 ही लेणी जरा बाजूला पडतात. घृष्णेश्वराचं दर्शन, कैलास, दोन सेल्फी आणि परत, या बेतात ती कधीच बसत नाहीत. 32 क्रमांकाच्या इंद्रसभेत बाहुबली आहे. सम्राट असलेल्या भावाशी, भरताशी लढून जिंकला आणि जिंकलेलं सोडून तिथेच कायोत्सर्गात, म्हणजे देहभान सोडून उभ्याने ध्यानात राहिला, इतका काळ की पायांवर वेली चढल्या. शिल्पकाराने वेल मांड्यांवरून, दंडांवरून फिरवली आहे, बाजूला बहिणी ब्राह्मी आणि सुंदरी उभ्या आहेत. शरीर सरळ रेषेत, हात अंगापासून सुटे, चेहऱ्यावर कसलाही ताण नाही. वेलीच्या वळणांमुळे ते सरळपण आणखी ठाशीव दिसतं. एका सम्राटाला हरवलेल्या माणसाचं शरीर असं रिकामं, काहीही न मागणारं दाखवणं मला तांडवापेक्षा अवघड वाटतं. (याच लेण्यात हत्तीवर बसलेल्या यक्षाला लोकांनी इंद्र समजून लेण्याला त्याचं नाव दिलं. तो इंद्र नाही, पण नाव चिकटलं ते चिकटलं.)

बसण्याचेही प्रकार आहेत. अजिंठ्याच्या 19 क्रमांकाच्या लेण्याच्या अंगणात नागराजा आणि त्याची राणी बसलेली आहेत. डोक्यावर नागफणा, एक पाय आसनावर घेतलेला, अंग सैल. कुठेही शौर्य नाही, शस्त्र नाही. घरच्या माणसासारखा निवांत बसलेला पुरुष आपल्या शिल्पात क्वचित दिसतो, म्हणून या मूर्तीपाशी मी नेहमी रेंगाळतो. तिथून 26 क्रमांकाच्या लेण्यात डाव्या भिंतीला बुद्धाचं महापरिनिर्वाण, म्हणजे देहत्याग आहे, सुमारे सात मीटर लांब. आडव्या देहावर वस्त्राच्या रेषा इतक्या हलक्या आहेत की झोपच वाटावी. खाली रडणारे शिष्य बघायला विसरू नका. पुरुषांचं रडणं इतक्या मोकळेपणाने कोरलेलं दुसरीकडे कुठे मी पाहिलेलं नाही.

आता कैलासाच्या दक्षिण अंगाला जाऊ. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं, आठव्या शतकातलं हे लेणं. रावण कैलास हलवतोय तो प्रसंग तुम्ही शाळेच्या सहलीपासून पाहत आला असाल. पुन्हा बघा, या वेळी फक्त दोन पुरुष शरीरं म्हणून. खाली रावण. गुडघे दुमडलेले, खांदे ताठ, वीस हातांचा पंखा उघडलेला. त्याचं सगळं बळ बाहेर आलंय, अंगातला कण न् कण कामाला लागलाय. वर शंकर. बसलेला. पर्वत हादरतोय, पार्वती बिलगलीय, मागे एक दासी पळ काढतेय, आणि याने काय केलं? पाय जरासा दाबला. बस्स. खांदा चढलेला नाही, मान वळलेली नाही. शिल्पकाराच्या लेखी खरं बळ ज्याला दाखवावं लागत नाही त्याचं, हे सांगायला त्याने एकही शब्द वापरला नाही. एका शरीरात ताण भरला आणि दुसऱ्यातून काढून घेतला. ऊन-सावलीचाही त्याने हिशोब ठेवलाय. रावण खोल कपारीत कोरलेला, जवळजवळ सुटा, त्यामुळे हातांमध्ये काळोख साठतो. शंकरावर मात्र उजेड पडतो.

हाच प्रसंग 29 क्रमांकाच्या धुमार लेण्यातही आहे, कैलासाच्या बराच आधीचा. दोन्ही एकाच दिवशी बघितले तर दोनशे वर्षांत काय बदललं ते कळतं. आधीच्या शिल्पात आकृती मोठ्या, जड, पसरट आहेत. कैलासात हालचाल आली आणि नाट्य आलं.

शत्रूचं शरीरही नीट घडवायचं असतं, हे 15 क्रमांकाच्या दशावतार लेण्यात कळतं. वरच्या मजल्यावर नरसिंह आणि हिरण्यकशिपू समोरासमोर आहेत. नरसिंहाने त्याला धरलंय. हिरण्यकशिपूच्या हातात तलवार आणि ढाल आहे, तो भ्यालेला नाही, आणि दोघांचे पाय असे पडलेत की नाचातली जोडी वाटावी. दैत्य म्हणून त्याला कुरूप केलेलं नाही. देवाने ज्याच्याशी झुंजायचं तो तोलामोलाचा हवाच ना.

नग्नतेचं काय?

घरच्यांसोबत लेणी बघताना एक अवघडलेपण येतं. एखादी पूर्ण नग्न मूर्ती दिसली की मोठी माणसं पोरांना घाईघाईने पुढे नेतात. खरं म्हणजे थांबून सांगण्याजोगं इथेच जास्त आहे, कारण प्रत्येक नग्नतेचा अर्थ निराळा. ग्रीक खेळाडूची नग्नता म्हणजे कमावलेल्या शरीराचा अभिमान. जिनमूर्तीची, म्हणजे जैन तीर्थंकराच्या मूर्तीची नग्नता म्हणजे शेवटची गोष्टही सोडून देणं. वराहमिहिराने अर्हतांच्या, म्हणजे याच जिनांच्या मूर्तीचं वर्णनच असं दिलंय: गुडघ्यापर्यंत हात, छातीवर श्रीवत्स नावाचं शुभचिन्ह, शांत, दिगंबर, तरुण आणि रूपवान. त्याग केलेला माणूस खंगलेला दाखवायचा नाही, देखणा दाखवायचा, ही अट फार सुंदर आहे. पाशुपत या शैव पंथाच्या लकुलीशाच्या मूर्ती बहुधा ऊर्ध्वलिंग असतात. ती वासनेची खूण नाही; शक्ती खाली वाहू न देता वर चढवलेल्या योग्याची खूण आहे. बुद्धाच्या बत्तीस लक्षणांत तर ते इंद्रिय झाकलेलं, कोशात असलेलं सांगितलंय. एकाच डोंगरात तीन परंपरांनी पुरुषदेहाच्या या भागाबद्दल तीन वेगळे निर्णय घेतले.

आणि ज्यांना देखणेपणाशी घेणंदेणं नाही तेही आहेत. कन्नड तालुक्यातल्या पितळखोऱ्याच्या लेण्यांत एक ठेंगणा यक्ष सापडला, डोक्यावर वाडगं धरलेला, ढेरपोट्या, गालभर हसणारा. तो आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्या हातावर कोरलंय की हे कन्हदास नावाच्या सोनाराने केलं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या आपल्या भागातल्या कारागिराचं नाव मिळणं ही मोठी गोष्ट, आणि तो पाथरवट नसून सोनार होता ही त्याहून मजेची. यक्षाच्या गळ्यातले आणि कानातले दागिने बघितले की ते पटतं.

आज दिसणारा दगड म्हणजे पूर्ण काम नव्हे, हेही ध्यानात ठेवा. आपला बसाल्ट करडा, खरबरीत, मधूनमधून भोकं असलेला. त्यावर गिलावा होता आणि गिलाव्यावर रंग. कैलासाला रंगमहाल म्हणत ते त्यामुळेच. नाकाच्या शेंड्याचा नाजूकपणा, पापण्या, ओठांची कड यांतलं बरंचसं त्या गिलाव्यासोबत गळून गेलं. कैलासात काही कोपऱ्यांत त्याचे पापुद्रे अजून टिकून आहेत, ते शोधा.

वेरूळची लेणी डोंगराच्या पश्चिम अंगाला आहेत, म्हणून सकाळी आतलं फारसं दिसत नाही. दुपार कलल्यावर ऊन तिरपं आत येतं आणि धडांची गोलाई उठून दिसते. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. दोन्ही जमत नसेल तर बीबी का मकबऱ्याच्या मागच्या डोंगरातली संभाजीनगरची लेणी गाठा, गर्दी नसते. तिथल्या तिसऱ्या लेण्यात बुद्धासमोर गुडघे टेकून बसलेली माणसं आहेत, बायका आणि पुरुष, जवळपास खऱ्या माणसाएवढी. हे देव नाहीत, यक्ष नाहीत, राजेही असतील असं दिसत नाही. त्यांचे केस, ओठ, खांद्यांचा उतार एकमेकांसारखा नाही. देवांसाठी ठरवलेली मापं इथे सैल झालीत. आधी पाय बघायचे हा नियम इथे चालणार नाही. इथे सरळ चेहऱ्यांपासून सुरुवात करा.